करता येते, म्हणून करायलाच हवे का?



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एका घरी मी आजाऱ्यांच्या भेटीसाठी गेलो होतो. प्रार्थना झाली, ख्रिस्तशरीर देऊन झाले. मी निघण्याच्या बेतात असताना घरच्या आजोबांनी मला हाताने थांबवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. उघडून पाहतो तर पांढऱ्या प्लास्टिकचा माणसाचा खालचा जबडा! दातांची रांग, मागची वळणे, सगळे हुबेहूब. डाव्या बाजूला मात्र हाड उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते.

"फादर, हा माझा जबडा," आजोबा म्हणाले. बोलताना त्यांना कष्ट पडत होते. "हॉस्पिटलवाल्यांनी छापून दिला."

आजोबांनी चाळीस वर्षे वाडीत केळी आणि भाजी पिकवली, आणि तितकीच वर्षे गालात तंबाखूची चिमूट ठेवली. आपल्या देशातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वरच्या क्रमांकावर आहे. आजोबांची गाठ हाडात उतरली होती. जबड्याचा तो भाग काढायचा आणि पायातील हाडाचा तुकडा तेथे बसवायचा, असे डॉक्टरांनी ठरवले होते. पुढचा प्रश्न पैशांचा होता. नेहमीची प्लेट वाकवून बसवता येणार होती. किंवा आजोबांच्याच मापाची टायटॅनियमची प्लेट यंत्रावर तयार करून घेता येणार होती. दोन्हींच्या खर्चातला फरक लाखाच्या घरात होता. मुलगा वाडीचे दोन गुंठे विकायला निघाला होता. आजोबा नको म्हणत होते.

"फादर, तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला. "बापासाठी चांगले ते करता येत असताना न करणे हे पाप नाही का?"

आणि आजोबा म्हणाले, "माझ्या एका जबड्यापायी नातवंडांच्या तोंडचा घास विकायचा, ते पाप नाही का?"

मी घाईघाईने म्हणालो, "पैशांचा विचार करू नका, देव पाहून घेईल." आजोबा काहीच बोलले नाहीत. घरी परतताना मला कळले, की हे वाक्य बोलायला मला सोपे गेले, कारण वाडी माझी नव्हती. त्या दोघांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते. ते शोधण्याचा प्रयत्न आज करीत आहे. (ही हकिकत मी आजोबांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे.)

हे यंत्र काय करते?

या तंत्राला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. आपल्या ऑफिसातला प्रिंटर कागदावर शाईचा एक थर देतो. हे यंत्र थरावर थर रचत जाते आणि वस्तू उभी राहते. सी.टी. स्कॅन शरीराचे पातळ काप काढल्यासारखी चित्रे घेतो. संगणक ती चित्रे एकमेकांवर रचून हाडाचा आकार तयार करतो आणि यंत्र तो आकार प्लास्टिकमध्ये किंवा धातूच्या भुकटीतून घडवते. अमेरिकेतील चक हल यांनी १९८३ साली या पद्धतीने पहिली वस्तू बनवली, ती होती डोळे धुण्याची एक लहानशी वाटी. २०११ साली नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका आजींना अशा रीतीने टायटॅनियममध्ये घडवलेला संपूर्ण खालचा जबडा बसवण्यात आला. त्याचे वजन १०७ ग्रॅम होते.

सेमिनरीत आम्हाला अ‍ॅरिस्टॉटल शिकवताना एक उदाहरण देत. शरीरापासून तुटलेला हात हा नावापुरताच हात असतो, असे तो तत्त्वज्ञ म्हणतो. आकार तोच, बोटे तीच. पण त्यात जीव नाही आणि हाताचे कामही नाही. आजोबांच्या टेबलावरचा जबडा तसाच नावापुरता जबडा होता. यंत्राने आकार दिला होता. घास चावणे, नातवाला हाक मारणे, ओठांवर प्रार्थना येणे, हे काही त्याने दिले नव्हते. यंत्राने दिलेल्या आकाराला हाडाने धरून घ्यावे लागते, जखम भरावी लागते, माणसाने पुन्हा गिळायला शिकावे लागते. हे काम जिवंत शरीर करते.

म्हणून "माणूस आता देवाची बरोबरी करू लागला" या भीतीचे मला फारसे कारण दिसत नाही. जिवंत पेशी वापरून छपाई करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. रुग्णाच्याच पेशींपासून छापलेला बाहेरचा कान एका तरुणीला बसवल्याची बातमी २०२२ साली अमेरिकेतून आली. पण छापलेले मूत्रपिंड किंवा हृदय माणसाला बसवण्याची वेळ अजून आलेली नाही. कुणी रुग्णाला तशी आशा दाखवीत असेल, तर सावध राहा. परमेश्वराने दिलेली बुद्धी जखम बांधण्यासाठी वापरणे हे पाप नाही. दयाळू शोमरोनी माणसाने तेल आणि द्राक्षारस वापरला. त्या काळची औषधे तीच होती. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: हे साधन आपण कसे वापरतो, कुणासाठी आणि कुणाच्या खर्चाने?

एकाच अवयवाच्या दोन कथा

२०१२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तीन महिन्यांच्या एका बाळावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या श्वासनलिकेची एक शाखा इतकी मऊ होती, की ती मिटून जाई आणि बाळाचा श्वास थांबे. डॉ. ग्लेन ग्रीन आणि अभियंते स्कॉट हॉलिस्टर यांनी बाळाच्या स्कॅनवरून नळीभोवती बसणारी एक छोटी आधारपट्टी छापली. ती काही वर्षांत शरीरात आपोआप विरघळून जाईल, अशा पदार्थाची होती. तोवर नळी वाढून बळकट होईल, हा हिशोब. दुसरा उपाय उरला नव्हता, म्हणून सरकारी यंत्रणेकडून तातडीची खास परवानगी घेतली गेली. बाळ वाचले. २०१३ साली डॉक्टरांनी ही माहिती वैद्यकीय नियतकालिकात सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

त्याच्या एक वर्ष आधी, २०११ साली, स्वीडनमधील स्टॉकहोम येथे पाओलो माकियारिनी या नामवंत सर्जनने प्लास्टिकची श्वासनलिका रुग्णाला बसवली. ती छापलेली नव्हती, पण रुग्णाच्या मापाने बनवून तिच्यावर त्याच्याच पेशी पेरल्या होत्या. जगभर कौतुक झाले. स्टॉकहोममध्ये त्यांनी अशा शस्त्रक्रिया केलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. त्याच रुग्णालयातील चार डॉक्टरांनी २०१४ साली धैर्याने तक्रार केली, तेव्हा आधी कुणी त्यांचे ऐकले नाही. अखेर २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने या सर्जनला अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली.

अवयव तोच, काळही जवळजवळ तोच. दोन्हीकडे नवे तंत्र, दोन्हीकडे बुद्धिमान माणसे. मग फरक कुठे पडला? मिशिगनच्या डॉक्टरांनी बाळाची स्वतःची नळी राखून तिला बाहेरून आधार दिला, आणि तोही विरघळून जाणारा. स्टॉकहोममध्ये पूर्ण नळीच बदलली आणि पुरेशा आधाराविना माणसांवर प्रयोग झाला, असे पुढे चौकशीत दिसून आले. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. म्हणून माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. प्रयोग यशस्वी करण्यासाठी रुग्ण हवा असे ज्या दिवशी डॉक्टरला वाटू लागते, त्या दिवशी रुग्ण वस्तू होतो. छापलेल्या वस्तूपेक्षा ही वस्तू जास्त भयंकर.

म्हणून नव्या उपचाराचे नाव ऐकून भाळू नका, आणि घाबरूनही जाऊ नका. शांतपणे विचारा: हे आधी कुणावर झाले आहे का? साध्या उपायाने भागणार नाही का? बिघडले तर काय करणार? असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर त्यांची वाटच पाहत असतो.

वाडी विकायची का?

आता मुलाचा प्रश्न. बापासाठी जे करता येते, ते सगळे करणे बंधनकारक आहे का?

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को द व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन धर्मपंडित शिकवीत असत. जीव जपणे हे माणसाचे कर्तव्यच आहे, असे ते सांगत. पण डॉक्टरांनी कोंबडीचे पौष्टिक आणि महाग जेवण सांगितले, तर तेच खाण्याचे बंधन नाही. आणि औषधासाठी आपली सगळी उपजीविका देऊन टाकावी लागत असेल, तर तसे करण्याचेही बंधन नाही, असे त्यांचे मत होते. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हाच विचार मांडला. व्यक्ती, स्थळ आणि काळ पाहता जे उपाय साधारण ठरतात, म्हणजेच ज्यांचा स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी बोजा पडत नाही, तेवढेच बंधनकारक असतात. १९८० साली ख्रिस्तसभेने आणखी स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, धोका आणि खर्च एका पारड्यात, तर अपेक्षित लाभ आणि रुग्णाची शारीरिक व मानसिक ताकद दुसऱ्या पारड्यात घालून निर्णय घ्यावा.

म्हणजे आजोबांचे म्हणणे पाप नव्हते. जगण्याचा कंटाळा येऊन त्यांनी नकार दिला नव्हता. ऑपरेशन त्यांना हवेच होते. नातवंडांची भाकर राखून जे होईल ते करा, एवढेच ते म्हणत होते.

पण बंधू-भगिनींनो, येथे दोन धोके आहेत. पहिला धोका घरात आहे. "बोजा नको" हे वाक्य आजोबांनी स्वतः म्हणणे वेगळे, आणि मुला-सुनांनी त्यांच्या वतीने म्हणणे वेगळे. "आता वय झाले, कशाला एवढा खर्च?" असे कुजबुजताना आपण व्हितोरियांचे शिष्य नसतो, आपण आपली वाडी वाचवीत असतो. आणि म्हातारी माणसे ही कुजबुज ऐकतात. मग तीच "नको" म्हणू लागतात आणि आपण म्हणतो, "त्यांचीच इच्छा!"

दुसरा धोका समाजात आहे. गरिबाला महाग उपचार नाकारण्याची मोकळीक आहे, म्हणून बाकीच्यांची जबाबदारी संपत नाही. आजोबांवर वाडी विकण्याचे बंधन नाही, हे खरे. पण ज्या उपचाराने माणूस नीट जेवू-बोलू शकतो, तो फक्त वाडी विकणाऱ्यालाच मिळावा, हे न्यायाला धरून आहे का? नकार देण्याचा हक्क त्याचा आहे. त्याला नकार द्यावा लागू नये हे पाहण्याचे कर्तव्य आपले आहे. पहिली गोष्ट सांगून दुसरी विसरणे ही लबाडी होईल.

सुताराने वाटून टाकलेला हात

दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड व्हॅन अ‍ॅस हे सुतार. २०११ साली काम करताना करवतीखाली त्यांची बोटे गेली. कृत्रिम बोटांची किंमत आवाक्याबाहेर होती. इंटरनेटवर त्यांना अमेरिकेतील आयव्हन ओवेन हे कारागीर सापडले. हजारो मैलांवरून दोघांनी मिळून बोटे तयार केली आणि मग बोटांविना जन्मलेल्या एका पाच वर्षांच्या मुलासाठी छोटा हात बनवला. २०१३ साली त्यांनी त्याचा आराखडा सर्वांसाठी मोफत खुला केला. पेटंट घेऊन पैसे मिळवता आले असते. त्यांनी ते केले नाही. त्यातून जगभर स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि शाळा-कॉलेजांतील मुलेसुद्धा गरजू मुलांसाठी असे हात छापू लागली.

त्याच वर्षी हे तंत्र सुदानमधील नुबा पर्वतांच्या युद्धग्रस्त प्रदेशात पोहोचले. तेथे डॉ. टॉम काटेना हे कॅथलिक प्रापंचिक मिशनरी डॉक्टर 'मदर ऑफ मर्सी' रुग्णालय चालवतात. बॉम्बहल्ल्यात दोन्ही हात गमावलेल्या एका मुलाबद्दल वाचून अमेरिकेचे मिक एबेलिंग प्रिंटर घेऊन तेथे गेले. सुमारे शंभर डॉलरमध्ये हात तयार झाला आणि तो मुलगा दोन वर्षांनंतर प्रथमच स्वतःच्या हाताने जेवला. एबेलिंग यांनी स्थानिक तरुणांनाही ते काम शिकवले.

असे प्लास्टिकचे हात नाजूक असतात, जड ओझे उचलत नाहीत, आणि अनेक जण काही दिवसांनी ते बाजूलाही ठेवतात, हे येथे सांगायला हवे. हात देऊन फोटो काढला की काम संपत नाही. पट्टा तुटला तर कोण दुरुस्त करणार? मूल वाढले की नवा हात कोण देणार? आपल्या देशातील जयपूर फूटचा अनुभव हेच सांगतो. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी मिळून तो पाय घडवला. मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात उतरणाऱ्या आपल्या माणसाचा त्यात विचार होता, म्हणून तो टिकला. साधन प्रिंटरचे असो वा हातोडीचे, समोरच्या माणसाकडे आधी नीट पाहावे लागते.

पुढे काय झाले?

मी पुन्हा त्या घरी गेलो आणि सरळ सांगितले, "त्या दिवशी मी तुम्हाला उत्तर दिले नाही. चला, आपण डॉक्टरांनाच विचारू." मुलाबरोबर मीही गेलो. मुलाने विचारले, "साध्या प्लेटने बाबांच्या जिवाला धोका वाढेल का?" तरुण डॉक्टरीणबाईंनी तो प्लास्टिकचा जबडा हातात घेतला आणि पंधरा-वीस मिनिटे समजावले. गाठ कुठवर आहे, कुठे कापणार, पायाच्या दोन हाडांपैकी बारीक हाड का घेणार (शरीराचे वजन जाड हाडावर असते), सगळे. गाठ काढण्याचे काम दोन्ही मार्गांनी सारखेच होणार होते. मापाच्या प्लेटने वेळ वाचला असता आणि ती अधिक नेमकी बसली असती, इतकेच. मग त्याच म्हणाल्या, "आणखी एक मार्ग आहे. साधी प्लेट आम्ही ऑपरेशनच्या आधीच या जबड्यावर ठेवून वाकवून घेऊ. टेबलावरचा बराच वेळ वाचेल, आणि याला वेगळा मोठा खर्च नाही."

हा मार्ग आधी कुणी सांगितला नव्हता, कारण आधी कुणी विचारले नव्हते. आजोबा म्हणाले, "इतके दिवस मी कागदांवर सह्या करीत होतो. आज मला कळले कशावर करतो ते." मला वाटते, त्या यंत्राचा खरा उपयोग त्या दिवशी झाला. रुग्णाच्या हातात त्याचे दुखणे आले. त्याने ते पाहिले आणि मग आपल्या तोंडाने होकार दिला.

ऑपरेशन झाले. वाडी विकावी लागली नाही, पण कर्ज झाले. चेहरा थोडा वाकडा आहे. बोलणे घरच्यांनाच नीट कळते. जेवण म्हणजे पेज, मऊ भात आणि कालवण. पुढची तपासणी येते तेव्हा घर श्वास रोखून धरते. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पण रविवारच्या मिस्साला आजोबा पुन्हा आपल्या जागेवर बसतात.

तो प्लास्टिकचा जबडा घरात ठेवावा की टाकून द्यावा, असे सूनबाईंनी मला विचारले होते. मी म्हणालो, ती काही पवित्र वस्तू नाही आणि अशुभही नाही, तुम्हाला वाटेल तसे करा. आजोबांनी त्याचा निकाल स्वतःच लावला. गेल्या महिन्यात ते युवकांच्या सभेत आले, जबडा पिशवीतून काढून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिला आणि कुरतडलेल्या जागेवर बोट ठेवायला लावले. भाषण त्यांना करता येत नाही. जबडा हातोहात शेवटच्या बाकापर्यंत गेला. सभा संपल्यावर कचऱ्याच्या डब्यात गुटख्याच्या तीन न फोडलेल्या पुड्या सापडल्या.

आपल्या धर्मग्रामाच्या रुग्णसाहाय्य निधीची पेटी मागच्या दाराजवळ आहे. तिच्यात आपण जे टाकतो, ते कुणाची तरी वाडी वाचवू शकते. आणि आपल्या घरी असा कठीण निर्णय आला, तर एकटे बसून झुरू नका. मला बोलवा. उत्तर माझ्याकडे असेलच असे नाही. पण डॉक्टरांकडे जाताना मी तुमच्याबरोबर येईन.

आपला,
धर्मगुरू